आढावेकरांचा अंदाज

आढावेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. रंगाच्या कारखान्यात बिलं तपासणाऱ्या या गृहस्थांना ते ऑफिसातल्या मंडळींनी बहाल केलं होतं, कारण दर रविवारी सकाळी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक आढावा टाकत. आधी अर्थव्यवस्था, मग शेअर बाजार आणि शेवटी संगीत. (शेवटी वाचणाऱ्याला जरा विरंगुळा हवा, असं त्यांचं मत. वाचणारा शेवटपर्यंत पोचतो, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.)

सुरुवात अगदी साध्या हेतूने झाली. पेपर वाचून वाचून डोक्यात साठलेलं ज्ञान वाया जाऊ नये, एवढंच. "कशाला लोकांना छळता?" असं बायकोने तेव्हाच विचारलं होतं. पण एका माणसाचा अंगठा आढाव्याखाली न चुकता यायचा, तो सासऱ्यांचा. सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आणि शब्दसुद्धा मोजून वापरणारे. लग्नापासून आजवर त्यांनी जावयाचं कौतुक म्हणून कधी केलं नव्हतं. त्यांनी एका रविवारी चक्क लिहिलं, 'जावईबापू, हल्ली तुमचा आढावा वाचूनच पैसे गुंतवतो. खंड पडू देऊ नका.' आढावेकरांना घर पुरेना. ते बनियनवरच गच्चीत चकरा मारून आले.

पुढचा आढावा अर्थातच जोरकस झाला. सिमेंटचे शेअर ताबडतोब विका, कागद गिरण्यांचे घ्या. संगीताच्या सदरात त्यांनी एका ज्येष्ठ गायिकेलाही निकालात काढलं: आवाज बसला आहे, मैफलीच्या तिकिटाचे पैसे फुकट जातील.

आठवडाभरात सिमेंट आकाशाला भिडलं आणि कागद गिरण्या तळाला गेल्या. गायिका अशी गायली, की पेपरांना स्तुतीला जागा पुरेना.

आढावेकरांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "बाबांची म्हातारपणाची पुंजी बुडवली मी," ते बायकोला म्हणाले.

"फोन करून विचारा ना," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

"फोनवर कुठल्या तोंडाने विचारू?"

शनिवारी संध्याकाळी दोघं सासरी गेली. दिवाणखान्यात माणसाच्या उंचीचे दोन नवे स्पीकर उभे होते आणि त्यांच्यामधे नव्या आरामखुर्चीत सासरे डोळे मिटून गाणं ऐकत होते. आढावेकर बसलेसुद्धा नाहीत.

"बाबा, माफ करा मला. ते सिमेंटचं..."

"छान झालं की सिमेंटचं."

"म्हणजे तुम्ही विकलं नाहीत?"

"विकेन कशाला? तुम्ही विका म्हणालात, म्हणून आणखी घेतलं."

आढावेकर मटकन खाली बसले. सासूबाई चहा घेऊन आल्या. "आणि मैफल काय रंगली म्हणून सांगू. तुमचं वाचलं आणि यांना तडक पहिल्या रांगेची तिकिटं काढायला पाठवलं."

आढावेकरांनी बायकोकडे पाहिलं. ती स्पीकर न्याहाळत होती. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. मामा तर एवढ्यासाठीच ग्रुपवर थांबलेत."

"मनाला लावून घेऊ नका," सासरे म्हणाले. "बरोबर सांगणारे पुष्कळ असतात, पण ते मधेच चुकतात. तुम्ही कधी दगा दिला नाहीत."

इतक्या वर्षांनी कौतुक झालं, तेही असं. आढावेकरांना फार लागलं. पण म्हाताऱ्याचे पैसे शाबूत आहेत या सुटकेचा आनंद त्याहून मोठा होता, आणि निघताना त्यांना अगदी भरून आलं. सासऱ्यांचा हात हातात घेऊन ते मनापासून म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या, बाबा. तुमची तब्येत ठणठणीत आहे. बघाच तुम्ही, शंभरी गाठणार."

सासूबाईंनी स्पीकर बंद केले. सासऱ्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि आरामखुर्ची चाचपली.

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला: यांचा रात्रभर डोळ्याला डोळा नाही, उठल्यापासून सारखी नाडी बघताहेत, आता मृत्युपत्राच्या वकिलाचा नंबर शोधताहेत.

बायकोने फोन नवऱ्याच्या हातात ठेवला. "घातलात हा गोंधळ तुम्ही. आता निस्तरा तुम्हीच."

आढावेकरांनी त्या रविवारी अर्थव्यवस्था वगळली, बाजार वगळला, संगीतही वगळलं. जड अंतःकरणाने त्यांनी एकच ओळ लिहिली, 'सासरेबुवांच्या प्रकृतीची लक्षणं ठीक दिसत नाहीत, हे वर्ष काढतील असं वाटत नाही.'

खाली धडाधड अंगठे उमटले. मामांनी सासऱ्यांचं अभिनंदन केलं, मावशींनी फुलांचा गुच्छ पाठवला. आणि थोड्या वेळाने खुद्द सासऱ्यांचा निरोप आला:

'जावईबापू, फार बरं वाटलं. आता सवड काढून हिच्याबद्दलही असंच काहीतरी लिहून टाका.'