विंचवांचे गावित सर

गावित सरांनी माझं स्वागत तळहातावर विंचू ठेवून केलं.

मोखाड्याच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला मी सांगलीकडून नुकतीच आले होते. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं, तर पन्नाशीचे, बुटके, गळ्यात दोऱ्याला भिंग अडकवलेले एक गृहस्थ हात पुढे करून सामोरे आले. हातावर काळाकुट्ट, चांगला बोटाएवढा विंचू. त्याच्या पाठीवर पांढरट पिल्लांची नुसती दाटी. मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातली मुलं दारात गोळा झाली.

"हळू बोला मॅडम," सर दबक्या आवाजात म्हणाले, "बाळंतीण आहे."

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत होते. ते बिऱ्हाड माझ्याकडे असं रोखून बघेल, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

सर जीवशास्त्र शिकवायचे. गाव त्यांचं सूर्यमाळकडचं. लग्न केलं नव्हतं. माणसांशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण दोन पायांच्या प्राण्यात त्यांना फारसा रस वाटत नसे. कुणी "सर, किडा!" म्हणून ओरडलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "पाय मोजा आधी!" सहा निघाले तर कीटक, आठ निघाले तर कोळी-विंचवाची जात. न मोजता चप्पल उचलणाऱ्याशी ते दोन-दोन दिवस बोलत नसत. 'विंचू चावला' असं म्हटलेलं तर मुळीच खपायचं नाही. "चावत नाही, नांगी मारतो. मराठीच्या शिक्षकांनी तरी क्रियापद नीट वापरावं!" 'विंचवाची पिल्लं आईला खातात' असं एकदा एक मुलगा म्हणाला, तेव्हा सरांनी तास थांबवून त्याला त्या माऊलीची माफी मागायला लावली.

प्रयोगशाळेतल्या बरणीत त्यांचा एक तारामासा होता. "याला मेंदू नाही," ते पाहुण्यांना सांगत, "तरी कधी वाट चुकत नाही. आमच्या स्टाफ मीटिंगला बसवायचा विचार आहे." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना भर जेवणात त्यांनी समुद्रकाकडीची गोष्ट ऐकवली. हा प्राणी घाबरला की स्वतःची आतडी बाहेर फेकतो, शत्रू ती खात बसतो, तोवर हा सटकतो, आणि मग सावकाश नवी आतडी तयार करतो. साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. तपासणी लवकर उरकली. प्राचार्य सरांवर चिडले होते की खूश होते, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

रविवारी सर पाठीला झोळी लावून पाड्यापाड्यांवर जायचे. कशाला, ते कुणी विचारलं नव्हतं. मार्चमधल्या एका रविवारी मी कुतूहलाने सोबत गेले. जीप सूर्यमाळच्या फाट्यावर उभी करून चढ चढलो. पाड्यावरची माणसं शेत भाजण्यासाठी डहाळ्या-पाला रचून नुकतीच परतली होती. आंब्याखाली पंधरा-वीस जण जमले. सरांनी तो काळा विंचू हातावर घेतला. बायका ओरडून मागे सरकल्या.

"हा दिसतो राक्षस," सर म्हणाले, "पण याने मारलं तर ठणकेल, इतकंच. याचे चिमटे बघा, जाडजूड. आता हा बघा." त्यांनी झाकण घट्ट लावलेली बाटली वर धरली. आत तांबूस रंगाचा, करंगळीएवढाही नसलेला विंचू होता. "चिमटे बारीक, शेपूट जाड. हा माणूस मारतो."

मागे उभी असलेली एक बाई हसली. "तो? तो तं मघा आमच्या सुनंदीला चावला. पाला उचलताना. काय नाय व्हत सर, बारकाच व्हता. निजलीय घरात."

मला वाटलं, आता सर 'चावला'वरून तिला झापणार. पण बाटली माझ्या हातात कोंबून ते धावत सुटले. पन्नाशीचा, बुटका माणूस कुडाच्या घराकडे असा धावला की त्यांची चप्पल वाटेतच राहिली. विषारी विंचवाची बाटली हातात घेऊन मी त्यांच्यामागे पळत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सुनंदा आमच्याच अकरावीतली. गोधडीवर पडलेली, घामाने निथळलेली, हातपाय बर्फासारखे गार. शेजारी उलटी झालेली. तिचे वडील म्हणाले, "विष उतरवाया भगताला बोलावलाय."

"भगत नंतर!" सर गरजले. त्यांचा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आधी दवाखाना. उचला!"

चौघांनी गोधडीची झोळी करून तिला खाली आणलं. जीपमध्ये सर तिच्या मनगटावर बोट ठेवून बसले. घाटाच्या प्रत्येक वळणावर ते पुटपुटत होते, "डोळे उघडे ठेव बाय. माझ्याकडं बघ." मोखाड्याच्या दवाखान्यात गोळ्या दिल्या, सलाईन लागलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा नाडी बघत राहिले. तासाने म्हणाले, "नाडी सुधारतेय. वेळेत आणलंत."

मी बाहेर आले, तर सर हापशापाशी अनवाणी उभे होते. हापसा न हापसताच हात धूत असल्यासारखे चोळत होते.

"सर, वाचली ती," मी म्हटलं.

"माझी आई पण पालाच उचलत होती," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी सातवीत. शास्त्रात वर्गात पहिला. ती मला विचारायला आली. घरात शिकलेला मी एकटाच ना. म्हणाली, 'लाल व्हता रे, बारकुसा. दवाखान्यात जाऊ का?'"

त्यांचे हात अजून एकमेकांवर घासत होते.

"मी पुस्तकातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. म्हटलं, 'बारका ना? मग काय नाय होत. नीज जा.'" हात चोळणं थांबलं. "माझ्यावर विश्वास होता तिचा. निजली."

  या माणसाच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगून मी घरच्यांना फोनवर किती वेळा हसवलं होतं!

संध्याकाळी सुनंदाने डोळे उघडून पाणी मागितलं. तिची आई रडायला लागली. सरांनी पांघरूण सुनंदाच्या पावलांवर नीट ओढलं आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले. नर्स म्हणाली, "सर, धोका टळलाय. आता घरी जा तुम्ही."

"हो, निघतोच," सर म्हणाले, आणि बसून राहिले.