टोपलीतला ओला गुन्हा

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असे भाऊजी स्वतःविषयी सांगत, आणि सांगताना त्यांचा चष्मा बहुधा कपाळावर असे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांना साक्षात्कार झाला होता, की प्रत्येक गुन्ह्याला अक्षांश आणि रेखांश असतात. ते जिथे छेदतात तिथे गुन्हेगार उभा असतो, आणि तिथवर पोचण्याइतकी बुद्धी निसर्गाने या शतकात एकाच मस्तकात घातली आहे. दारावर त्यांनी "खाजगी अन्वेषक" अशी पाटी रंगवून घेतली. तिच्याखाली "घंटी बिघडली आहे, कडी वाजवावी" अशी चिठ्ठी होती. घंटी कोणी बिघडवली, याचा तपास चालू होता.

त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा मेव्हणा. तो चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता आणि सुटीच्या दिवशी ताईच्या शब्दाखातर भाऊजींची पिशवी उचलत असे. "त्यांना एकटं सोडू नकोस," ताई म्हणाली होती, "मार खातील."

त्या सुटीला बोलावणे आले ते वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईचे. लग्न होऊन ती या घरात नुकतीच आली होती. माहेरचे म्हणावे असे तिच्याजवळ दोनच जीव होते, शिवणयंत्र आणि मांजरी. पैकी यंत्राविषयी कोणाची तक्रार नव्हती. मांजरी मात्र गिऱ्हाइकांचे शिवून तयार कपडे ज्या टोपलीत असत, तिच्यात रोज लघवी करू लागली होती. नवऱ्याने निर्वाणीचे सांगितले होते: संध्याकाळी त्याची मावशी येईल, मांजरी तिच्याबरोबर जाईल.

"ती अशी नव्हती हो," शिंपीणबाई म्हणाली. "कधी वाळूबाहेर गेली नाही. ती गेली तर या घरात माझ्याकडे मान वर करून बघणारं कोण उरलं?"

नवरा शेजारीच उभा होता. हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचले की वाटेतच विरले, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

भाऊजींनी प्रथम घराचा नकाशा काढला. उत्तर दिशा दाखवली, प्रमाण लिहिले, टोपलीभोवती लाल वर्तुळ काढले. मांजरीचा वाळूचा ट्रे पूर्वी शिवणयंत्राखाली असे. गिऱ्हाइकांसमोर बरे दिसत नाही म्हणून नवऱ्याने तो अलीकडेच बाथरूममध्ये नेऊन ठेवला होता. बाथरूमच्या उंबऱ्यावर, गार फरशीवर, नवऱ्याचा वासराएवढा कुत्रा आडवा पसरला होता. भाऊजींनी टेप घेऊन त्याला सफाईने ओलांडले. मेव्हणा अडखळून पडला. कुत्र्याने क्षमाशील डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा आपल्या सावलीसारखा जमिनीला चिकटला.

"टोपलीत मांजरीचे केस सापडले आहेत," भाऊजी म्हणाले. "यावरून मांजरी निर्दोष ठरते."

"ते कसं काय?" मेव्हण्याने विचारले.

"मुरलेला गुन्हेगार केस मागे ठेवत नाही. हे कोणीतरी मुद्दाम टाकलेले आहेत. समोरच्या दुकानातला शिंपी कसा आहे?"

"त्याला मांजराची ॲलर्जी आहे," शिंपीणबाई म्हणाली. "तो जिनासुद्धा चढत नाही."

"सोंग," भाऊजी म्हणाले, आणि पुढे सरकले.

दुसरा संशय नवऱ्यावर होता. तो दिवसभर कामावर असतो हे कळल्यावर त्याची तीव्रता किंचित घटली. मग कपाटावर बसलेल्या मांजरीची जबानी झाली. ती खाली बघत शेपटीचे टोक सपासप आपटत होती.

"शेपूट हलवते आहे. म्हणजे साक्षीदार प्रसन्न आहे."

"भाऊजी, प्रसन्न असताना कुत्रा हलवतो. मांजराचं बहुतेक उलट असतं."

"शेपूट ही शेपूटच असते," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी तोंड जवळ नेले. साक्षीदाराने आपली साक्ष त्यांच्या नाकावर नोंदवली.

नाकाला कापूस लावून भाऊजींनी अखेरचा डाव टाकला. कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"सुनेचं मांजर गेलं तर फायदा कोणाचा? आजी, मी सकाळपासून पाहतो आहे. तुम्ही सारख्या उठता, चार पावलं जाता आणि कुठेही न जाता परत येऊन बसता. ही अस्वस्थता कसली?"

सासूबाईंनी वाटाण्यांचे ताट खाली ठेवले.

"मास्तर, मला बाथरूमला जायचंय. सकाळपासून. तो मेला दारात आडवा पडलेला असतो. तुम्ही त्याला ओलांडता, माझे गुडघे ओलांडत नाहीत. मला निदान तोंड आहे, मी ओरडते. कधी उठतो, कधी नाही. ती मांजरी दहादा त्याच्यापर्यंत जाऊन परत फिरते. ती कुठे जाईल? टोपलीत जाते. मला टोपलीत मावता आलं असतं तर मीही गेले असते."

सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या.

"आई, मग सांगितलं का नाहीस?" नवरा म्हणाला.

"विचारलं कोणी? तुम्ही मास्तरांना बोलावलंत."

"पण तो गरीब आहे गं. कोणाला काही करत नाही."

"काही करत नाही, तेच तर," शिंपीणबाई म्हणाली. "बाजूलासुद्धा होत नाही." हे बोलताना ती कुत्र्याकडे पाहत नव्हती.

भाऊजी खाकरले. "हेच मी आता सिद्ध करणार होतो."

मेव्हण्याने नकाशा उलगडला. "यात कुत्रा कुठे आहे?"

"हलत्या वस्तू नकाशात दाखवत नाहीत."

"तो हलत कुठे होता, भाऊजी?"

नवऱ्याने, लग्नानंतर बहुधा प्रथमच, कोणी न सांगता एक काम केले. कुत्र्याला पट्ट्याला धरून उठवले आणि त्याचे निजायचे पोते गॅलरीतल्या गार कोपऱ्यात नेऊन घातले. मांजरी कपाटावरून उतरली. दाराशी थबकली, रिकाम्या उंबऱ्याचा वास घेतला आणि शेपूट खांबासारखी ताठ करून आत गेली. सगळे दारापाशी दाटीवाटीने, श्वास रोखून उभे राहिले. आतून वाळू उकरल्याचा बारीक, तन्मय आवाज आला. शिंपीणबाईने पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याने खिशातून फोन काढला आणि मावशीला येऊ नकोस म्हणून कळवले.

मांजरी बाहेर आली. कोणीच जागचे हलले नाही. क्षणच तसा होता.

"झालं ना तिचं?" मागून सासूबाई म्हणाल्या. "आता तुम्ही उठा दारातून."