दर दहावा नाराज

छावणीकडून मत मागवण्यात आलं, तेव्हा एकाही जवानाकडे ते तयार नव्हतं. सुभेदारांना ही गोष्ट फार लाजिरवाणी वाटली. बूट, पट्टा, पाण्याची बाटली, मच्छरदाणी, सगळं नगानिशी हजर आणि मत तेवढं नाही!

पत्र वरून आलं होतं. विषय : 'सैन्यास साहाय्य करणारे मुलकी कर्मचारी व कंत्राटदार यांच्याविषयी जवानांची मते संकलित करणेबाबत.' सोबत चारशे दहा कोरे फॉर्म होते. तळाशी ठळक अक्षरांत सूचना होती की मते मुक्त असावीत आणि ती शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पोचावीत.

तसं पाहिलं तर मतं होती, ढिगानं होती. न्हाव्याकडच्या बाकावर बसून जवान दुसरं काय करायचे? मुलकी माणूस म्हणजे पाच वाजले की ज्याचं पेन शब्दाच्या मध्यावर थांबतं असा प्राणी, हे तर सर्वमान्य होतं. शत्रू दारात येऊन उभा राहिला तरी आपला कारकून त्याला 'जेवणाची सुट्टी आहे, अडीचनंतर या' म्हणून परत पाठवील, यावरही एकमत होतं. मात्र त्याच कारकुनाला कुणाच्या आईचं ऑपरेशन कुठल्या तारखेला आहे हे पाठ असायचं, आणि त्या जवानाचा रजेचा अर्ज तो गुपचूप गठ्ठ्यात सगळ्यात वर सरकवून ठेवायचा. जवान त्याला शिव्या देत आणि त्याच्याच टेबलाशी जाऊन बसत. पण ही बोलायची मतं होती. लिहायच्या मताला शिस्त लागते.

सुभेदारांनी सर्वांना मैदानात बसवलं आणि फळ्यावर मुक्त मत लिहून दिलं : 'अत्यंत समाधानकारक. तक्रार नाही.'

"बघून लिहा," ते म्हणाले, "आणि कुणी स्वतःचं डोकं चालवून घोळ घालू नका."

सोमवारी सर्वेक्षणवाली बाई हजर झाली. ती सर्वेक्षणाचं कंत्राट घेतलेल्या कंपनीची, म्हणजे तीही मुलकीच. तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला.

"सुभेदारसाहेब, चारशे दहा माणसांचं एकच मत?"

"शिस्त आहे, मॅडम."

"चारशे दहाही जणांनी तारीख आदल्या दिवशीची टाकलीय."

"फळ्यावर आदल्या दिवशीची होती."

बाईनं चष्मा काढून पुसला. "हे बघा, आमचा संगणक असा गठ्ठा घेतच नाही. निदान दहा टक्के तरी नाराज लागतात. नाहीतर सगळं खोटं वाटतं."

"मग नाराज कुठून आणू मी?"

"ते तुमचं तुम्ही बघा. फक्त खरे वाटले पाहिजेत."

सुभेदार हुकमाचे ताबेदार. त्यांनी संध्याकाळी रांगा लावल्या, मोजणी केली आणि दर दहाव्या जवानाला एक पाऊल पुढे यायला सांगितलं. एक्केचाळीस पावलं एकदम वाजली.

"आजपासून तुम्ही नाराज," सुभेदार म्हणाले. "काही शंका?"

एका जवानानं हात वर केला. "साहेब, कुणावर?"

प्रश्न रास्त होता. सुभेदार रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. आचाऱ्यावर नाराजी लिहावी, तर तो दुसऱ्याच दिवशी सगळ्या छावणीच्या पोटावर सूड उगवेल. न्हाव्यावर लिहावी, तर त्याच्या हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली आपला गळा. कारकुनावर लिहावी, तर रजेचे अर्ज गठ्ठ्यात सगळ्यात खाली जाणार. ज्याच्या हातात आपलं काहीच अडकलेलं नाही असा गरीब माणूस हवा होता. सकाळ होता होता तो सापडला. छावणीचा मोची.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या वेळी जगात दोघांनाच माहीत होती. अकरा वर्षांपूर्वी सुभेदार ट्रकवरून पडले, आणि तेव्हापासून त्यांचा डावा पाय बोटभर आखूड होता. डॉक्टरला ते कळलं नव्हतं, कारण सुभेदारांनी कळू दिलं नव्हतं. मोच्याला कळलं, कारण बूट खोटं बोलत नाहीत. त्यानं झिजलेल्या टाचा पाहिल्या, काही न विचारता चामड्याचे चार पदर चिकटवून एक तुकडा केला आणि डाव्या बुटात आतून बसवून दिला. दर सहा महिन्यांनी तो तुकडा बदलायचा. त्याच्या जोरावर सुभेदार अकरा वर्षं वार्षिक कूच पाठीवरच्या ओझ्यासकट ताठ मानेनं पुरी करत आले होते. जो लंगडला त्याला खुर्ची, असा नियम होता, आणि सुभेदारांना गोळीपेक्षा खुर्चीची भीती जास्त वाटायची.

पण हे त्यांना त्या सकाळी आठवलं नाही. चालता माणूस पायाचा विचार करत नाही.

मोच्याला सगळे खिळेमामा म्हणत, कारण ओठांत चार खिळे धरल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. सुभेदार त्याच्या शेडमध्ये गेले आणि त्यांनी सरळ विषय काढला.

"मामा, कागदावर थोडी नाराजी लिहावी लागतेय. तुमच्यावर लिहिली तर चालेल ना? अठ्ठावीस वर्षं झाली तुम्हाला. तुम्हाला कोण काय करणार?"

"लिहा खुशाल," खिळ्यांमधून खिळेमामा म्हणाला. "माझ्या हातात असं काय आहे? तळवे नि टाचा."

एक्केचाळीस जवानांनी लिहिलं : 'मोच्याने दुरुस्त केलेले बूट चावतात.' एक जण बिचारा चांगला सहा फुटी गडी, पण लिहिताना रडकुंडीला आला. त्याला मामानं लग्नासाठी स्वतःच्या हातानं जोडे शिवून दिले होते. सुभेदारांनी त्याला समजावलं की हे त्याचं मत नाही, हे त्याचं काम आहे.

संगणकानं गठ्ठा आनंदानं घेतला. पंधरा दिवसांत अहवाल आला. छावणीतल्या सर्व तक्रारींपैकी शंभर टक्के तक्रारी एकाच माणसाविरुद्ध आहेत, अशी उदाहरणं जगात विरळा असल्याचं त्यात म्हटलं होतं. परिणामी मोच्याचं पद रद्द करण्यात येत होतं आणि 'एकात्मिक पादत्राण व्यवस्थापन सेवा' या नावानं एका कंपनीला कंत्राट देण्यात येत होतं. सुभेदारांनी तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं लक्ष आपल्या डाव्या बुटाकडे गेलं. आपल्याच हातानं आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे त्यांना तेव्हा कळलं.

ते शेडमध्ये धावले. खिळेमामा ऐरण पोत्यात बांधत होता. आज त्याच्या ओठांत खिळे नव्हते, त्यामुळे तो कुणी वेगळाच माणूस वाटत होता.

"मामा, मी... माझंच चुकलं."

"एक्केचाळीस जणांचं एकच वाक्य, साहेब. कुणाचं ते मला कळत नाही होय?" तो हसला. रागावला असता तर सुभेदारांना बरं वाटलं असतं. त्यानं खिशातून चामड्याचा एक नवा तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवला. "हा वर्षभर जाईल. फक्त बूट कुणाच्या हातात देऊ नका."

सुभेदारांनी तो तिथल्या तिथे डाव्या बुटात चिकटवून घेतला. पण दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला की प्रत्येकाने दोन्ही बूट नव्या कंपनीकडे तपासणीसाठी जमा करावेत. हुकूम तो हुकूम. सुभेदारांनी बूट सर्वांत आधी जमा केले, कारण ते नेहमीच सर्वांत आधी असत.

कंपनी शिस्तीची होती. तिनं डावे बूट एका ट्रकनं नेले आणि उजवे दुसऱ्या ट्रकनं. आठ दिवस सगळी छावणी कॅनव्हासच्या बुटांत परेड करत होती. नवव्या दिवशी बूट परत आले. सुभेदारांच्या डाव्या बुटाला चिठ्ठी बांधलेली होती : 'आत परकीय वस्तू आढळली. नियमानुसार नष्ट केली. आपले समाधान हेच आमचे ध्येय.'

कूच दुसऱ्या दिवशी सकाळीच होती. सुभेदारांनी मोजे दुमडून पाहिले, वर्तमानपत्र घडी करून पाहिलं. पाचव्या किलोमीटरला वर्तमानपत्राचा लगदा झाला, सातव्याला ते लंगडले, आणि नवव्याला छावणीच्या मोठ्या साहेबांची जीप शेजारी येऊन थांबली.

साहेब भला माणूस. त्यांनी सुभेदारांना घरी पाठवलं नाही. कारकुनाच्या शेजारी एक टेबल टाकून दिलं आणि वर पाटी लावली : 'मत संकलन कक्ष'. आता सुभेदार पाच वाजता पेन खाली ठेवत. न्हाव्याच्या बाकावर जवान त्यांच्याविषयी काय बोलतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती वाक्यं त्यांनीच, जवान असताना, त्याच बाकावर बसून रचलेली होती.

वर्ष गेलं. पुन्हा पत्र आलं, पुन्हा फॉर्म, पुन्हा दहा टक्के. रांगा आता नवा सुभेदार लावत होता. तो तरुण, नम्र आणि हुकमाचा ताबेदार होता. एका सकाळी तो टेबलासमोर येऊन उभा राहिला, हातातली टोपी फिरवत.

"काका, एक विचारायचं होतं. आचाऱ्यावर लिहिता येत नाही, न्हाव्यावर येत नाही, कारकुनावर तर नाहीच नाही. मग म्हटलं, तुमच्यावर लिहिलं तर... तुम्हाला कोण काय करणार?"

सुभेदारांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या होत्या. अजून तरी.

"लिही खुशाल," ते म्हणाले. "माझ्या हातात असं काय आहे?"

त्याच संध्याकाळी त्या सर्वेक्षणाच्या कंपनीनं, तिला कंत्राट देणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना एक संदेश पाठवला : 'आमच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा. फक्त एक मिनिट लागेल.' तो तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही घाईत होतात, लिफ्ट बंद होती, पिशवी जड होती, आणि समोर सेवा देणाऱ्या माणसाचं जे नाव होतं त्याला तुम्ही एक तारा दिलात. कुणाला दिलात, आठवतंय?