दसऱ्याच्या पाटावरचा लाल सिलिंडर

गुणाजी परबाच्या बोरीवलीच्या घरात आग लागणं शक्यच नव्हतं, कारण गुणाजीनं तसं ठरवलं होतं. गॅसची नळी मुदतीआधीच बदललेली, झोपताना रेग्युलेटर बंद, आणि स्वयंपाकघरात, मालनला मिक्सरसाठी फळी हवी होती नेमकी त्याच भिंतीवर, आग विझवायचा लाल सिलिंडर.

"दसऱ्यापर्यंत याचा काय उपयोग होतो ते बघते," मालननं नवऱ्याला बजावलं होतं. "नाहीतर हा माळ्यावर आणि तिथे माझी फळी." पण गुणाजी कसला ऐकतोय! सिलिंडर भिंतीवरून हलू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

दसऱ्याला त्यानं हत्यारांच्या पूजेचा पाट मांडला. हातोडी, पक्कड, कात्री, घरातल्या झाडून सगळ्या सुऱ्या आणि मधोमध मानाचा सिलिंडर. त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, मुठीभोवती लाल नाडा करकचून बांधला. मागे कागदी झिरमिळ्यांची आरास केली, अगरबत्ती लावली आणि समाधानानं चहा घेत बसला.

अगरबत्ती कलली. झिरमिळ्या पेटल्या, तिथून खिडकीचा पडदा. मुलगा राजेश धावत आला आणि सिलिंडर उचलणार, तोच गुणाजीनं त्याचं मनगट धरलं.

"पूजेला लावलेलं हत्यार आज उचलायचं नाय."

"बाबा, पडदा जळतोय."

गुणाजी घाबरला होता, पण नियम म्हणजे नियम. जाळ वर चढला तेव्हा कुठे त्यानं हात जोडून देवाची माफी मागितली आणि सिलिंडर ओढला. पिन निघेना. त्याच्याच नाड्याखाली ती गच्च अडकली होती आणि घाईत गाठ सुटेना. नाडा कापावा तर सुऱ्या पाटावर, कात्री पाटावर आणि पाटाला जाळ. राजेश शेजारी सुरी मागायला पळाला आणि हात हलवत परत आला. त्यांचीही पूजेत होती.

तेवढ्यात मालन मोरीतून बादली आणि लादी पुसायचं ओलं फडकं घेऊन आली. पडदा खाली खेचला, त्यावर फडकं दाबलं, बादली पाटावर उपडी केली. आग विझली.

गुणाजीनं नाडा सोडला आणि सिलिंडर घेऊन माळ्याकडे वळला. त्याचं तोंड बघून मालनला वाईट वाटलं.

"राहू द्या तिथेच," ती म्हणाली. "वस्तू चांगली आहे. तुम्ही तिचा देव केलात, म्हणून वाट लागली."

पुढच्या वर्षी दसऱ्याला सिलिंडर भिंतीवरच होता, बिनहाराचा. पाटावर मधोमध बसलं होतं ते फडकं, शेजारी झारा, कढई आणि पोळपाट-लाटणं. मालननं मनोभावे नमस्कार केला आणि सोफ्यावर पाय पसरले.

"जेवणाचं काय?" गुणाजीनं विचारलं.

"पूजेला लावलेलं हत्यार," मालन म्हणाली, "आज उचलायचं नाय."