चिंगीचा आकडा

"माझ्या घरात गव्हाचा कण शोधून दाखवा!" असं आव्हान बाइंडरबुवा येत्याजात्याला द्यायचे. त्यांच्या सात वर्षांच्या चिंगीला सीलिअॅक. म्हणजे गहू पोटात गेला की आतडी बिघडणार आणि रक्तातल्या अँटिबॉडी वाढणार. या अँटिबॉडींचा आकडा उतरावा म्हणून बुवांनी कंबर कसली होती. प्रत्येक डब्यावर 'गहू नाही' अशी चिठ्ठी! भिंतीवर तक्ता! पथ्याचा दिवस पार पडला की चिंगीने त्यावर कागदी चांदणी चिकटवायची.

तक्ता लावल्यावर सहा महिन्यांनी रक्त तपासलं, तर आकडा उतरायचा सोडून चढलेला!

"आता उतरला नाही, तर पुन्हा पोटात दुर्बीण घालावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिंगीने बाबांचा हात घट्ट धरला.

घरी येताच त्यांनी थेट सासूबाईंना गाठलं.

"आई, खरं सांगा. पोरीला चोरून बिस्किटं देता ना?"

"मी? तिच्यासाठी मी स्वतः बिस्किटं सोडली! जावईबापू, जिभेला काही हाड?"

"मग तुमच्या कपाटाला कुलूप कशाला?"

"माझी जुनी कवळी असते त्यात!"

बुवांनी कुलूप उघडायला लावलं. आत कवळीच होती. बायकोने अबोला धरला आणि सासूबाईंनी बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्या घराला बोलावलं. सासूबाई बॅगेसकट आल्या! बाईंनी टूथपेस्टपासून औषधांपर्यंत सगळं खोदून विचारलं. बुवा ताठ मानेने उत्तरं देत होते.

"आणि तक्त्यावर चांदण्या कशाने चिकटवता?"

बुवांची छाती फुगली. "खळीने! विकतची नाही हं, मी स्वतः शिजवतो. वीस वर्षं पुस्तकं बांधतोय! एकदम शुद्ध मैद्या..."

वाक्य तिथेच चिकटलं. मैदा गव्हाच्याच पोटचा, हे वीस वर्षांत बुवांच्या डोक्यात आलंच नव्हतं!

"चिंगे," आईने हळूच विचारलं, "खळीचं बोट कुठे पुसतेस गं?"

"पुसत नाही. चाटते! रोज."

म्हणजे गहू न खाल्ल्याचा आनंद पोरगी रोज गहू खाऊन साजरा करत होती! बुवांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी सासूबाईंपुढे हात जोडले. "आई, चुकलो!"

"बरं बरं. आता ती बॅग उचला आणि घरी चला. जड आहे."

त्याच दिवशी खळीचं पातेलं बुवांच्या बाइंडिंगच्या दुकानात गेलं. दुकानातून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बुवांनी चिंगीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असा हुकूम सासूबाईंनी काढला.

तीन महिन्यांनी आकडा निम्म्यावर! बुवांचे डोळे भरून आले. आता आपलं कौतुक होणार, म्हणून त्यांनी कॉलरही नीट केली.

"शाब्बास!" डॉक्टरीणबाई चिंगीला म्हणाल्या. "घरात असं काय बंद केलंत गं?"

"बाबांना!"