गुलाबसिंगाच्या छत्रीचं रबर

गुलाबसिंग लढाईवरून परत आला आणि किसनरावांचं जेवण कमी झालं.

तोवर आखाडा बाळापुरात किसनरावांचा तोरा होता. गावातली एकुलती एक सायकल त्यांची. सासऱ्यानं दिलेलं गजराचं घड्याळ त्यांचंच, आणि किती वाजले हे विचारायला लोक त्यांच्याच ओसरीवर येत. गुलाबसिंग सहा वर्षं फौजेत होता. विमानातून उड्या मारणाऱ्या शिपायांच्या छत्र्या घडी करून बांधायचं काम त्यानं केलं होतं. स्वतः एकदाही उडी मारली नव्हती, आणि तसं तो सांगायचाही. पण गावाला ते ऐकायचंच नव्हतं. आता वेळ विचारायला कुणी येईना.

"गुलाबसिंग भावजीच्या एका गाठीवर माणसाचा जीव असतो म्हणं," भाकरी वाढता वाढता द्वारकाबाई म्हणाल्या.

"माह्या सायकलवर बी असतो. ब्रेक न्हाई तिला," किसनराव म्हणाले.

"सायकल काय, जमिनीवरच चालती."

किसनरावांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. ते जळत होते, आणि जळतोय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे तर आणखीच जळत होते.

त्यातच गुलाबसिंगानं जाहीर केलं की, येत्या बाजाराच्या दिवशी तो वेशीच्या बुरुजावरून छत्री सोडून दाखवणार. फौजेतून आणलेल्या रेशमी तुकड्यांची लहानशी छत्री जलालुद्दीन शिंप्यानं शिवून दिली. आठ दोऱ्या लावल्या. अडलं ते रबरापाशी. दोऱ्यांच्या घड्या रबरी कड्यांत अडकवाव्या लागतात, आणि गुलाबसिंग त्या कड्यांची निवड मुलीला स्थळ पाहावं तशी करत होता. जलालुद्दीनच्या दुकानाच्या खांबाला कडी अडकवायची, खाली तागडी टांगायची आणि एकेक वजन चढवायचं.

"तीन शेराला धरलं पाहिजे, चार शेराला सोडलं पाहिजे," तो जमलेल्या लोकांना सांगे. "ढिलं असलं की दोऱ्या आधीच सुटून गुंता व्हतो. कडक असलं की सुटतच न्हाईत. मंग छत्री उघडत न्हाई, अन् माणूस धोंड्यावानी खाली."

गलोलीचं रबर दोन शेरालाच घसरलं. फौजी चड्डीचं इलास्टिक ताणून ताणून खाली आलं, पण सुटायचं नाव घेईना. शेवटी हिंगोलीहून आणलेलं लाल रबर पास झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रबराला टाळ्या! किसनरावांनी सायकल काढली आणि कुणाकडे न बघता घर गाठलं.

'कडक असलं की सुटतच न्हाईत' हे वाक्य मात्र त्यांच्याबरोबर घरापर्यंत आलं.

लढाई सुरू झाल्यापासून नवी ट्यूब कुठे मिळत नव्हती. तरी किसनरावांनी मागच्या चाकाची ट्यूब काढली आणि विळीवर तिच्या आठ जाड कड्या कापल्या. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो असा.

बाजाराच्या दिवशी दुपारी ते शिंप्याच्या दुकानात जाऊन बसले. बांधलेली छत्री फळीवर होती.

"किसनराव, जरा दुकानावर नजर ठेवा," जलालुद्दीन म्हणाला. "म्या नमाज पढून येतो. तुमच्यासारखा भरोशाचा माणूस असल्यावर तकलीफ न्हाई."

भरोशाच्या माणसानं आठही लाल कड्या काढून खिशात घातल्या आणि काळ्या चढवल्या.  मनात छत्री धोंड्यासारखी खाली येत होती आणि द्वारकाबाई हळूच म्हणत होत्या, "सायकलच बरी."

चारच्या सुमारास सगळा बाजार बुरुजाखाली जमला. गुलाबसिंग छत्री आणि तिला बांधलेलं एक बोचकं घेऊन वर उभा होता.

"बोचक्यात काय हाय?" किसनरावांनी शेजारी उभ्या द्वारकाबाईंना सहज विचारलं.

"आपलं घड्याळ," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय?"

"भावजी म्हणले, फुटंल अशी वस्तू पायजे, तरच लोकायला पटंल. मंग म्या दिलं. तुमाला म्हणलं असतं तर तुमी दिलं असतं का?"

किसनराव धावत सुटले. कोथिंबिरीच्या ढिगातून, एका म्हातारीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून ते बुरुजाच्या पायऱ्यांपाशी पोचले आणि निम्म्या चढून ओरडले, "थांबा! सोडू नका! रबर कडक हाय!"

"किती कडक हाय?" वरून गुलाबसिंगानं शांतपणे विचारलं.

"लई! सुटायचं न्हाई!"

"तुमाला काहून म्हाईत?"

किसनरावांचा हात खिशातल्या लाल कड्यांवर गेला. गुलाबसिंगानं क्षणभर वाट पाहिली आणि हात मोकळे सोडले.

किसनरावांनी डोळे गच्च मिटून घेतले. सासरा दिसला. मग पट् पट् पट् असा आवाज आला, आणि पाठोपाठ गावाचा एकच जल्लोष. डोळे उघडून पाहतात तो पांढरीशुभ्र छत्री फुलली होती आणि बोचकं डुलत डुलत खाली उतरत होतं. जलालुद्दीननं ते झेललं आणि कानाला लावलं.

"चालू हाय!"

गुलाबसिंग वरून गरजला, "मंडळी, हे रबर माझं न्हाई! किसनरावांनी स्वतःच्या सायकलची ट्यूब कापून दिलं! आता सायकल बी गेली!"

लोकांनी किसनरावांना पायऱ्यांवरून उचलूनच खाली आणलं. द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. "अन् मला वाटायचं, तुमी भावजीवर जळता," त्या म्हणाल्या. किसनरावांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गर्दी पांगल्यावर बुरुजाच्या पायथ्याशी बसलेल्या किसनरावांशेजारी गुलाबसिंग येऊन बसला. किसनरावांनी खिशातल्या लाल कड्या काढून त्याच्यापुढे धरल्या.

"तुमाला ठाऊक व्हतं?"

"काळ्या-लालमधला फरक दिसतो मला. वर चढायच्या आधी एक कडी तागडीला लावून पाहिली. साडेतीन शेराला तुटली. सात वर्सांची ट्यूब, कुजलेली. बाकीच्या सातायला बी तसेच तडे, अन् सातावर काम भागतं. माझ्या लाल रबरापेक्षा बराबर!"

"मंग गावाला काहून न्हाई सांगितलं, म्या दगा केला म्हणून? उलट मोठेपणा दिला."

गुलाबसिंगानं जमिनीवर एक रेघ ओढली. "मला गावाला इतकंच सांगायचं व्हतं, का सायकल गेली," तो म्हणाला. "तुमी वैनीला सायकलवर बसवून औंढ्याच्या जत्रेला नेलं व्हतं. आमची घरवाली पारुबाई तवापासून रोज म्हणायची, किसनरावाकडं सायकल हाय, तुमच्याकडं काय हाय? त्याच रागात म्या फौजेत नाव लिहिलं."

किसनराव त्याच्याकडे वळले. "माह्या सायकलपायी?"

"व्हय."

"सहा वर्सं जळत व्हता?"

"सहा वर्सं."

"तिकडं लढाईत बी?"

"तिकडं तर लईच. तिथं ज्याला त्याला सरकारी सायकल व्हती."

किसनराव भिंतीला पाठ लावून ऐसपैस बसले. "सांगा, सांगा," ते म्हणाले, "अगदी पहिल्यापासून सांगा."