समुद्राला नोटीस

आमचे शेजारी नाना दर पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला नोटीस देतात. लेखी. वाळूत काठी रोवून तिला कागद बांधतात. नाना भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. लगतच्या मालकाला कळवल्याशिवाय मोजणी करणं त्यांना पाप वाटतं, आणि आमच्या वाडीच्या पश्चिमेला लगतचा मालक एकच आहे. दुपारी उधाणाचं पाणी चढलं की इस्त्रीचा शर्ट घातलेले नाना पुकारा करतात, "लगतधारक हजर!"

मोजायचं आबांच्या विहिरीपासून पाण्यापर्यंत. आबा म्हणजे नानांचे चुलतभाऊ. चार माडांच्या पट्टीवरून दोघांचा दावा इतका जुना आहे की त्यातले तीन माड समुद्राने नेले, तरी तारखा पडतायत. बोलणं अर्थातच बंद. टेपचं दुसरं टोक धरून विहिरीपाशी मी उभा असतो, म्हणून संभाषण माझ्यामार्फत.

"त्याला सांग, टेप सैल आहे," आबा ओटीवरून.

"त्याला सांग, जन्मभर मोजण्याच केल्यात मी! आणि सांग, समुद्राने त्याचं आणखी दीड हात खाल्लान!"

हे नाना अशा थाटात सांगत की भावाचं अंगण आटतंय याचा त्यांना आनंद होतोय, असं अख्ख्या वाडीला वाटे. मलाही.

मग धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला. पाहणीला तीन गाड्या भरून साहेब मंडळी आली, ती नेमकी अष्टमीला. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती अगदीच मवाळ. समुद्र लांब, पाहुण्यांसमोर शहाण्या मुलासारखा बसलेला. साहेबांनी काळा चष्मा काढून क्षितिजाची पाहणी केली आणि आबांच्या घराच्या अलीकडेच चुन्याची रेघ मारायला लावली. बंधारा इथवर. पुढे धोका नाही.

"साहेब, लगतधारक आज रजेवर आहे," नाना समुद्राकडे बोट दाखवत म्हणाले. "पौर्णिमेला या." आणि मोजण्यांची जाडजूड फाईल त्यांच्या हातात ठेवली. प्रत्येक पानाखाली शेरा : 'लगतधारक हजर. सही देण्यास नकार.' साहेब हसले. मग आकडे वाचत गेले, तसं हसू ओसरलं.

पौर्णिमेला ते आले. जिथे धोका नव्हता, नेमक्या तिथेच नानांनी खुर्च्या मांडल्या होत्या. चहा आला, पाठोपाठ समुद्र आला. पहिल्या लाटेने बूट भिजवले, दुसरीने खुर्ची हलवली. तिसरीची वाट न पाहता साहेबांनी उभ्या उभ्या नकाशावरची रेघ पुढे ओढली, थेट आबांच्या घराच्या पलीकडे. वाडीने टाळ्यांचा कडकडाट केला. नाना गुडघाभर पाण्यातून गरजले, "मोजणी पूर्ण!"

माणसं पांगल्यावर टेप गुंडाळताना मी विचारलंच, "नाना, ज्याच्याशी कोर्टात भांडता, त्याच्यासाठी एवढं?"

"मेल्या, त्याचा मुलगा त्याला ठाण्याला न्यायला टपलाय. घर गेलं की आबा गेला." नाना टेपवरची वाळू पुसत राहिले. "आमच्या वयाचं वाडीत दुसरं उरलंय कोण? तारखेला आम्ही एकाच एसटीने जातो, एकाच बाकावर. बोलत नाही. पण मला गाडी लागते, म्हणून खिडकी तो मला सोडतो."